फोन आपला, पण आतली माहिती कुणाची? कामासाठी स्वतःचा मोबाईल वापरणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी, शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या गडबडीत आमच्या मोबाईलचा डिस्प्ले गेला. बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलाने फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "सर, लॉक बता के जाओ, डिस्प्ले डालने के बाद चेक करना पडता है." आम्ही सांगून टाकला. त्याने एका चिठ्ठीवर आमचे नाव आणि ते चार आकडे लिहिले, चिठ्ठी रबरबँडने फोनला लावली आणि फोन इतर दहा-बारा फोनांच्या ट्रेमध्ये ठेवला. आम्ही समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेलो.

चहा अर्धा झाला आणि एकदम आठवले. त्या फोनच्या गॅलरीत वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलांची आधार कार्डे होती. बँक पासबुकाचे पहिले पान, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट फोटो, पालकांचे मोबाईल नंबर, सगळे होते. काही पालकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले, काही आम्हीच वर्गात टेबलावर ठेवून काढलेले. शाळेच्या पोर्टलचा युजर आयडी आणि पासवर्ड एका नोटमध्ये लिहून ठेवलेला.

फोन संध्याकाळी नीट परत मिळाला. त्या पोराने काही पाहिले असेल असे म्हणायला काही कारण नाही, तो बिचारा आपले काम करत होता. पण पाहिले नाही हे तरी आम्हाला कुठे माहीत? ज्या आईने आपल्या मुलीचा आधार आणि पासबुक पाठवले, तिने ते आमच्यावर भरवसा ठेवून पाठवले होते. दुकानातल्या ट्रेवर नाही. आपल्या घरांत अशा गोष्टीला अमानत म्हणतात. शेजाऱ्याने हजला जाताना ठेवायला दिलेले दागिने आपण कपाटात कुलूप लावून ठेवतो. आणि पन्नास घरांची कागदपत्रे मात्र चार आकड्यांच्या चिठ्ठीसकट काउंटरवर देऊन येतो.

हा प्रश्न एकट्या मास्तरांचा नाही. रुग्णालयातली नर्स रिपोर्टचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवते. हिशेबनीस व्यापाऱ्याची जीएसटीची कागदे फोनवर ठेवतो. विम्याचा एजंट, कुरिअरवाला, पुण्यात आयटीत लागलेला भाचा, दुबईत किंवा दम्माममध्ये कंपनीच्या ऑफिसात बसलेले आपल्या कोकणातले लोक, सगळ्यांचे ऑफिस आज स्वतःच्या खिशात आहे. मोठ्या कंपन्यांनी याला 'ब्रिंग युअर ओन डिव्हाइस' असे नाव दिले आहे. म्हणजे आपापले यंत्र घेऊन या. कंपनीचा खर्च वाचतो, आपल्याला दोन फोन बाळगावे लागत नाहीत. दोघांचीही सोय. पण सोय झाली की जबाबदारी कुणाची, हे कुणी विचारत नाही.

आणि बरेचदा ही सोय आपण मागितलेलीही नसते. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. फोन जुने आणि कमी मेमरीचे, त्यात पोषण ट्रॅकर ॲप चालेना, दुरुस्तीचा खर्च अंगावर. तक्रार अगदी रास्त होती. पण सरकारी फोन नाही चालला की काम कुठल्या फोनवर होते? घरच्याच. ज्या फोनवर रात्री पोरगा कार्टून बघतो, त्याच फोनवर गावातल्या बाळांची वजने आणि गरोदर बायांची नोंद. शाळांतही तेच. उपस्थिती, यूडायसची माहिती, प्रशिक्षणाच्या लिंक, सगळे शिक्षकाच्या फोनवर, शिक्षकाच्या रिचार्जवर. तेव्हा 'कर्मचारी निष्काळजी आहेत' असे म्हणणाऱ्यांनी आधी हे पाहावे.

माहिती बाहेर जाते कशी?

हॅकर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंधाऱ्या खोलीतला, काळी टोपी घातलेला माणूस येतो. असले लोक आहेतही. पण आमच्या-तुमच्या फोनमधून माहिती जाते ती फार साध्या वाटांनी.

पहिली वाट गॅलरीची. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो उघडला की बहुतेक फोनमध्ये तो आपोआप गॅलरीत उतरतो. गुगल फोटोजचा बॅकअप चालू असेल आणि त्यात व्हॉट्सॲपचे फोल्डर निवडलेले असेल, तर तिथून तो गुगल खात्यावर चढतो. आता ते खाते आणखी कुठे चालू आहे, आठवून पाहा. मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या टॅबवर? मागच्या ईदला मेहुण्याला दिलेल्या जुन्या फोनवर, ज्यातून आपण लॉगआउट करायला विसरलो? एका फोटोच्या तीन-चार नकला, तीन-चार ठिकाणी. आपण मूळ फोटो डिलीट करतो आणि निश्चिंत होतो.

आमच्या एका सहकारी आपांच्या घरी असेच झाले. पाहुणे जमलेले, टीव्हीवर लग्नाचे फोटो दाखवायला घेतले आणि मधेच विद्यार्थिनींच्या आधार कार्डांची रांग सुरू झाली. सगळे हसले. आपा हसल्या नाहीत.

दुसरी वाट 'लिंक्ड डिव्हाइसेस'ची. प्रिंट काढायला सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात जाऊन कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडले, प्रिंट काढली, पैसे दिले आणि निघालो. लॉगआउट राहिला. आता त्या कॉम्प्युटरवर आपले मेसेज येत राहतात. आजच व्हॉट्सॲपच्या मेनूत जाऊन 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. ओळखीचे नसलेले एखादे नाव दिसले तर तिथूनच काढून टाकता येते. आम्ही हे शिक्षकांच्या एका बैठकीत सगळ्यांना एकदम करायला लावले. तीन जणांच्या फोनमध्ये परके कॉम्प्युटर जोडलेले निघाले.

तिसरी वाट जुन्या फोनची. फोन विकताना किंवा एक्सचेंजला देताना सिमकार्ड काढले की काम झाले असे लोक समजतात. आधी गुगल खाते काढायचे, मग सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट करायचे आणि मेमरी कार्ड काढून घ्यायचे. एवढे केल्याशिवाय फोन कुणाला देऊ नये, सख्ख्या भावालाही नाही. भावावर शंका म्हणून नव्हे. त्याच्याकडून पुढे तो फोन कुठे जाईल हे त्यालाही माहीत नसते.

दुरुस्तीबद्दल एक चांगली बातमी आहे. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये २०२२ पासून 'मेंटेनन्स मोड' आला आहे. तो चालू करून फोन दिला तर कारागीर डिस्प्ले, आवाज, कॅमेरा तपासू शकतो, पण आपले फोटो, मेसेज, नंबर त्याला दिसत नाहीत. गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये 'रिपेअर मोड' आहे. इतर काही कंपन्यांच्या फोनमध्येही अशी सोय असते, सेटिंगमध्ये शोधून पाहा. आम्हाला त्या दिवशी हे माहीत असते तर चहा नीट पिऊन झाला असता. डिस्प्ले पूर्ण बंद असेल तर मात्र हा मार्गही बंद. मग आपल्यासमोर दुरुस्ती करून घ्यायची, लॉक आपल्याच हाताने उघडायचे.

लग्नपत्रिका आली, उघडू नका

आता जरा गंभीर गोष्ट. गेल्या दोन-तीन वर्षांत अनेक राज्यांच्या पोलिसांनी एका फसवणुकीबद्दल सावध केले आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, किंवा गाडीच्या ई-चलनाची नोटीस येते, किंवा बँकेच्या केवायसीचा निरोप. सोबत एक फाईल. नावाच्या शेवटी एपीके ही तीन इंग्रजी अक्षरे. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके हे ॲप असते. ते उघडले की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचे ॲप टाकायचे का? मग एसएमएस वाचायची परवानगी, ॲक्सेसिबिलिटीची परवानगी. घाईत आपण 'हो, हो' दाबत जातो. त्यानंतर आपले ओटीपी दुसरा कुणीतरी वाचत असतो.

लोक याला बँकेची फसवणूक समजतात, आणि आहेही. पण त्याच फोनवर नोकरीचे काम असेल तर नुकसान आपल्या खात्यापुरते थांबत नाही. अशी कित्येक ॲप्स आपल्याच नंबरवरून आपल्या यादीतल्या सगळ्यांना तीच पत्रिका पाठवतात. वर्गशिक्षकाच्या नंबरवरून पालकांच्या ग्रुपवर फाईल आली तर किती जण उघडतील? आम्हाला वाटते, निम्म्याहून जास्त. सरांनी पाठवले म्हणजे शाळेचेच काहीतरी असणार. आपल्या नावावरचा लोकांचा विश्वासच इथे चोराच्या कामी येतो.

घरातला फोन मुलांच्या हातात असतो, हेही विसरून चालणार नाही. गेममध्ये फुकट कॉइन मिळतील म्हणून दहा वर्षांचे पोर कुठूनतरी ॲप उतरवते. त्याला रागावून काय उपयोग? त्याला काय माहीत अब्बूंच्या फोनमध्ये कंपनीचा मेल आहे. कामाचा फोन मुलांना द्यायचा नाही, हा आम्ही घरात केलेला नियम. तो पाळताना किती रडारड झाली ते विचारू नका.

मोठमोठ्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत

कुणी म्हणेल, या सगळ्या आपल्या अडाणीपणाच्या गोष्टी. तसे नाही. दोन उदाहरणे सांगतो, दोन्ही अमेरिकेतली आणि दोन्ही अशा कंपन्यांची ज्यांचा धंदाच सुरक्षेचा.

लास्टपास ही लोकांचे पासवर्ड सांभाळून ठेवणारी कंपनी. २०२२ मध्ये तिथे चोरी झाली. चोर शिरला तो कंपनीच्या दारातून नव्हे, एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या कॉम्प्युटरमधून. त्यावर सिनेमे-गाणी पाहण्याचे एक सॉफ्टवेअर होते, ते जुने राहिले होते. ज्या दोषाचा चोराने फायदा घेतला त्याची दुरुस्ती २०२० मध्येच आलेली होती, पण अपडेट केलेले नव्हते. त्या वाटेने चोराने टाइप केलेली अक्षरे टिपणारा प्रोग्राम बसवला, अभियंत्याचा मुख्य पासवर्ड टिपला आणि कंपनीच्या तिजोरीपर्यंत पोहोचला. कामाचे सॉफ्टवेअर नीट होते. घरच्या करमणुकीच्या सॉफ्टवेअरने घात केला.

दुसरी ऑक्टा. हजारो कंपन्यांच्या लॉगिनची व्यवस्था पाहणारी कंपनी. २०२३ मध्ये तिच्या ग्राहक-मदत विभागातल्या फायली कुणीतरी पाहिल्या, १३४ ग्राहकांच्या. कंपनीने स्वतःच कारण सांगितले. एका कर्मचाऱ्याने ऑफिसच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये आपले वैयक्तिक गुगल खाते उघडले होते, आणि ऑफिसच्या एका खात्याचा पासवर्ड त्या वैयक्तिक खात्यात सेव्ह झाला होता. कंपनीचा अंदाज असा की पुढे त्याचे ते खाते किंवा त्याचे स्वतःचे एखादे यंत्र चोराच्या हाती लागले.

ही दुसरी गोष्ट वाचून आम्ही थबकलो, कारण हे आपल्या शाळा-ऑफिसांत रोज घडते. कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर कुणीतरी आपले जीमेल उघडतो, क्रोम विचारते 'पासवर्ड सेव्ह करू का', आपण 'हो' म्हणतो. पोर्टलचा पासवर्ड त्याच्या खात्यात गेला. तो घरी गेला, पासवर्डही त्याच्यासोबत घरी गेला. बदली झाली, नोकरी सोडली, तरी पासवर्ड त्याच्याकडेच. आणि कित्येक ठिकाणी पासवर्ड सेव्ह करायचीही गरज पडत नाही, कारण तो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांसाठी टाकलेला असतो.

याची किंमत आपल्या समाजाला वेगळी सांगायला नको. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्यांच्या चौकशीत तपासलेल्या सुमारे दीड हजार संस्थांपैकी ८३० बनावट किंवा बंद निघाल्या, १४४ कोटींहून अधिक रुपयांचे नुकसान समोर आले आणि प्रकरण सीबीआयकडे गेले. तो घोटाळा कुणाच्या फोनमधून झाला असे आमचे म्हणणे नाही. पण गरीब मुलांच्या नावांना, आधार-पासबुकांना आणि संस्थांच्या लॉगिनला बाजारात किती किंमत आहे, हे त्यातून कळते. तीच कागदे आपल्या गॅलरीत पडलेली असतात.

यादीत नाव असलेल्यांचे काय?

नोकरीच्या बाहेरचे एक काम इथे सांगितलेच पाहिजे. रमजानमध्ये मोहल्ल्यामोहल्ल्यांत रेशन किट वाटले जातात, बैतुलमालच्या याद्या होतात. विधवा कोण, आजारी कोण, कर्जात कोण, नाव-पत्ता-नंबरासकट. ही यादी आजकाल कुणा एका कार्यकर्त्याच्या फोनवर एक्सेलमध्ये किंवा वहीच्या फोटोत असते. आमच्या पाहण्यात अशी एक यादी चुकून दुसऱ्याच ग्रुपवर गेली. पाच मिनिटांत काढून टाकली, पण तेवढ्यात ज्यांनी पाहायची त्यांनी पाहिली. एका घराने पुढच्या वर्षी किट घेतले नाही. पैशाचे काहीच नुकसान झाले नाही, आणि तरीही झाले ते भरून निघणारे नव्हते. एका हाताने दिलेले दुसऱ्याला कळू नये याची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. फोनला ती शिकवावी लागते.

कायदा काय सांगतो

२०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. सामान्य माणसाला त्यातल्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जी संस्था ठरवते, तिच्यावर ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी आहे. त्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घ्यायची, काही ठरावीक अपवाद सोडून.

म्हणजे काम संस्थेचे असेल तर 'फोन तुमचा होता, तुम्हीच बघा' असे म्हणून संस्थेने हात झटकायचे नाहीत. ही गोष्ट मुख्याध्यापकांना आणि मालकांना नम्रपणे, पण लेखी सांगावी. तोंडी सांगितलेले बैठकीनंतर कुणाला आठवत नाही.

खाजगी कंपनीत काम करणाऱ्या मुलामुलींचा प्रश्न जरा निराळा. कंपनी सांगते, फोनमध्ये आमचे ॲप टाका. घरचे घाबरतात, आता कंपनी आपले फोटो बघणार का? अँड्रॉइडमध्ये 'वर्क प्रोफाइल' नावाची सोय आहे. फोनचे दोन कप्पे होतात, कामाच्या ॲप्सवर छोटी बॅग दिसते. कंपनीचा ताबा फक्त त्या कप्प्यावर, आपल्या गॅलरीवर नाही. नोकरी सोडली की कंपनी तो कप्पा पुसते, बाकीचा फोन तसाच राहतो. पण कंपनी पूर्ण फोनचा ताबा मागत असेल तर ती पूर्ण फोन पुसूही शकते, बाळाच्या फोटोंसकट. म्हणून 'ॲलाऊ' दाबण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: वर्क प्रोफाइल आहे की पूर्ण फोन? पूर्ण फोन असेल तर कंपनीकडेच फोन मागा.

आम्ही काय बदलले

आमच्याकडे वर्क प्रोफाइल वगैरे काही नाही, साधी शाळा आहे. आम्ही एवढेच केले. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली, त्यामुळे नवे फोटो गॅलरीत उतरत नाहीत. बॅकअपमधून व्हॉट्सॲपचे फोल्डर काढले. कागदपत्रे शक्यतो फोनवर मागवत नाही. झेरॉक्स घेतो, काम झाले की परत देतो. जिथे चालते तिथे पालकांना 'मास्क्ड आधार' द्यायला सांगतो, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात आणि तो यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतो. अर्ज भरून झाला की त्याच दिवशी फोटो पुसतो, आणि 'ट्रॅश'मधूनही पुसतो, कारण तिथे ते बरेच दिवस पडून राहतात. पोर्टलचा पासवर्ड आता दोनच जणांकडे आहे. अपडेटची सूचना आली की पूर्वी आम्ही 'नंतर' दाबायचो, आता रात्री चार्जिंगला लावून करून टाकतो. चार आकड्यांच्या जागी सहा आकडे केले. जन्मसाल नाही!

आणि फोन हरवला तर? बँकेला आणि सिम कंपनीला आधी फोन. मग दुसऱ्या फोनवरून आपल्या गुगल खात्यात जाऊन हरवलेला फोन लॉक करायचा, गरज पडली तर पुसायचा. पोलिसांत तक्रार, आणि तिची प्रत घेऊन 'संचार साथी' पोर्टलवरून हँडसेट बंद करायचा. त्यासाठी आयएमईआय नंबर लागतो. तो आजच *#०६# दाबून वहीत लिहून ठेवा, फोन गेल्यावर कुठून आणणार? पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन, इथे मिनिटामिनिटाला किंमत आहे.

हे बहुतेकांना माहीत असते. राहून जाते ते पुढचे: ज्यांची माहिती त्या फोनमध्ये होती त्यांना सांगणे. ओरडा बसेल, नोकरीवर येईल, बदनामी होईल म्हणून माणूस गप्प बसतो. आम्हीही त्या दिवशी दुकानातून आल्यावर कुणाला काही बोललो नव्हतो. पण पालकाला वेळेत कळले तर तो बँकेत जाऊन खात्यावर लक्ष ठेवायला सांगू शकतो, आधारचे बायोमेट्रिक लॉक करू शकतो, फसवा फोन आला तर ओळखू शकतो. न सांगितल्याने त्याची तेवढीही संधी जाते. म्हणून मुख्याध्यापकांना आमची विनंती अशी होती की सांगणाऱ्याला शिक्षा करू नका, नाहीतर पुढचा कुणी सांगणार नाही. ती त्यांनी मान्य केली.

दुसरी विनंती शाळेच्या नावाने एक साधा फोन आणि सिमकार्ड घेण्याची होती. तो कार्यालयातल्या कपाटात राहील, पालक त्याच नंबरवर कागदे पाठवतील. फोनचे पैसे एका माजी विद्यार्थ्याने देऊ केले आहेत. महिन्याचा रिचार्ज कुठल्या खात्यातून करायचा, यावर मात्र अजून चर्चा चालू आहे.